जुन्या यंत्राचा पेन्सिल अभ्यास: आधी बळाची वाट, मग रेघ

इमारती काढायची सवय असलेल्या हाताला जुनं यंत्र काढताना एक सोय असते आणि एक अडचण. पाया कुठे, खांब कुठे, तुळईवरचा भार कुठून खाली उतरतो, हे पाहायची नजर आधीच तयार असते, ही सोय. अडचण ही, की इमारत जागची हलत नाही. यंत्र मात्र गेली पन्नास वर्षं थांबलेलं असलं तरी चालण्यासाठीच घडवलेलं असतं. चित्रातलं यंत्र पाहून ‘हे चालूच शकणार नाही’ असं जाणत्याला वाटलं, तर शेडिंग कितीही सुरेख असो, तो अभ्यास वाया गेला.

म्हणून या लेखातली सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. यंत्रात बळ कुठून शिरतं, कशाला ढकलतं आणि शेवटी कुठे पोचतं, ती वाट आधी समजून घ्यायची. पेन्सिल त्यानंतर.

यंत्र कुठलं निवडावं

नागपूरकरांना यासाठी फार फिरावं लागत नाही. कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते सुरू झालं. तिथे वाफेचं इंजिन, डबे, सिग्नलची उपकरणं, जुनी अवजारं असा ऐवज आहे, आणि इंजिनाच्या अगदी जवळ उभं राहता येतं. बसून चित्र काढायचं असेल, तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावं. स्टूल आणि फळी घेऊन आलेला माणूस वाटेत बसणार नाही, एवढी खात्री पटली की बहुधा अडचण येत नाही.

दुसरी जागा म्हणजे विदर्भातल्या जुन्या जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून गाठी बांधणारे कारखाने. कापसाच्या पट्ट्यातल्या गावोगावी अशा इमारती उभ्या आहेत. काहींमध्ये पट्ट्यांवर चालणाऱ्या जिनांची रांग, छताजवळचा लांब शाफ्ट आणि त्यावरच्या पुल्या अजून जागेवर सापडतात. मालकाची परवानगी घ्यावी आणि चालू यंत्राजवळ बसू नये.

यात थोडी घाई करायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोचली आणि दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. इथल्या माणसांच्या कित्येक पिढ्या त्या मिलच्या भोंग्यावर उठल्या. आज त्या जागेवर मॉल आहे. मिलमधले माग, चात्या, शाफ्ट भंगारात जाण्याआधी कुणी निवांत बसून काढले असते, तर आपल्याकडे फोटोंपेक्षा वेगळं काहीतरी उरलं असतं. फोटोत सगळंच सारखं येतं. चित्रात काढणाऱ्याला काय समजलं तेवढंच येतं, आणि पुढच्या माणसाला तेच उपयोगी पडतं.

सामान

पाव इम्पीरियल किंवा ए३ आकाराचा, २०० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज कागद घ्या. अगदी गुळगुळीत कागदावर गडद छटा बसत नाही आणि फार खरखरीत कागदावर रिवेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी, काढता येत नाहीत. पेन्सिली २एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी. मळता येणारं पुटी रबर, साधं खोडरबर, कटर, मोजपट्टी, फळी, दोन क्लिप. नागपुरात बर्डीवरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात हे मिळतं. सोबत बटर पेपरचा एक तुकडा ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात मनगटाखाली घाम येतो आणि ओल्या हाताखाली ग्रॅफाइट पसरलं की ते पुन्हा पूर्ण निघत नाही. तुकडा सतत हाताखाली असू द्या.

या पेन्सिलीचं आणि त्या यंत्रांचं वय जवळजवळ एकच आहे. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनासाठी वेगळ्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भांड्याचं, पेटंट १७६९ मध्ये घेतलं. फ्रान्सला युद्धामुळे इंग्लंडचं शुद्ध ग्रॅफाइट मिळेनासं झालं, तेव्हा निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटची भुकटी मातीत कालवून भाजली आणि १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मातीचं प्रमाण वाढवलं की पेन्सिल कडक, कमी केलं की मऊ. आपल्या हातातल्या २एच आणि ४बीमधला फरक तिथून आलेला आहे.

पहिली पायरी: फेरी मारा आणि बळाची वाट लिहून काढा

कागद पिशवीतच असू द्या. इंजिनाभोवती सावकाश एक फेरी मारा आणि वहीत साध्या शब्दांत लिहा: बॉयलरमध्ये वाफ. वाफ सिलिंडरमध्ये. पिस्टन पुढे-मागे. पिस्टनचा दांडा क्रॉसहेडला जोडलेला. क्रॉसहेड सरळ पट्ट्यांमधून सरकतो. तिथून कनेक्टिंग रॉड क्रँकपिनला, म्हणजे चाकाच्या मध्यापासून बाजूला बसवलेल्या खुंटीला. चाक फिरतं. कपलिंग रॉड तीच गती बाकीच्या चाकांना देतो. चाक रुळाला मागे रेटतं आणि इंजिन पुढे जातं.

एवढ्या ओळींतून चित्र तपासायचे चार-पाच नियम हाती लागतात. मी ते कागदाच्या कोपऱ्यातच लिहून ठेवायला सांगते.

क्रॉसहेड जितका सरकतो ते अंतर क्रँकच्या त्रिज्येच्या बरोबर दुप्पट असतं. म्हणजे चाकाच्या मध्यापासून क्रँकपिन जितकी दूर, त्याच्या दुपटीहून सरकपट्ट्या थोड्या लांब दिसायलाच हव्यात. क्रँकपिन सिलिंडरच्या बाजूला टोकाशी असेल, तर क्रॉसहेडही आपल्या वाटेच्या त्याच टोकाशी. पिन सर्वांत खाली किंवा सर्वांत वर असेल, तर क्रॉसहेड साधारण मध्यावर. कपलिंग रॉड चाकं कुठल्याही स्थितीत थांबली असोत, रुळाला समांतरच राहतो, कारण तो सारख्या त्रिज्येच्या क्रँकना जोडतो. चाकाच्या आऱ्यांमध्ये चंद्रकोरीसारखा भरीव भाग दिसतो, ते तोलाचं वजन. ते क्रँकपिनच्या समोरच्या बाजूला असतं. आणि दोन सिलिंडरच्या इंजिनात एका बाजूची क्रँक दुसरीच्या काटकोनात बसवतात. दोन्ही एकाच वेळी टोकाशी आल्या, तर थांबलेलं इंजिन पुन्हा निघणारच नाही.

मोतीबागेत एका विद्यार्थिनीचं चित्र पाहून रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर काका थबकले होते. चित्र दिसायला छान होतं. काकांनी बोट ठेवलं ते एकाच जागी. “पोरी, पिन इथं खाली आहे ना, मग हा क्रॉसहेड पार पुढं कसा गेला? दांडा काय रबराचा आहे का?” तिने पट्टीने मोजलं. चित्रातला कनेक्टिंग रॉड खरोखरच पाऊण इंच लांब झाला होता. काकांनी कधी चित्र काढलेलं नव्हतं, पण त्या सांध्यांमध्ये तेल घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. असा माणूस भेटला तर चित्र त्यांच्यापुढे धरावंच.

दुसरी पायरी: जागा, अंतर, डोळ्याची पातळी

पूर्ण इंजिन काढायचा हट्ट पहिल्यांदा सोडून द्या. सिलिंडरपासून दुसऱ्या जोडचाकापर्यंतचा भाग घ्या. सगळी गंमत तिथेच आहे. जेवढी रुंदी काढायची, निदान तिच्या दुप्पट अंतरावर बसा. त्याहून जवळ बसलात तर कडेची चाकं ताणल्यासारखी दिसतात आणि हात ती जशीच्या तशी उतरवतो.

डोळ्याची पातळी यंत्रावर नक्की कुठे येते ते पाहून कागदावर आडवी रेघ मारा आणि चित्र पुरं होईपर्यंत पुसू नका. स्टुलावर बसलं की ती पातळी बहुधा चाकांच्या वरच्या भागाजवळ येते. मग बॉयलरच्या आडव्या रेघा क्षितिजाकडे खाली उतरतात, रुळांच्या वर चढतात. मध्येच उभं राहून काढू नका. दोन पातळ्यांचं चित्र कधीच जुळत नाही.

मोजमापासाठी एक आयतं माप समोर असतं. नॅरोगेज रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. समोरून किंवा तिरक्या कोनातून पाहताना बफर, बॉयलरची रुंदी, चिमणीची उंची या सगळ्यांचं प्रमाण या अडीच फुटांशी ताडता येतं. बाकी पद्धत आपली एलिमेंटरीच्या वस्तुचित्राचीच: हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठ्याने माप.

वेळ सकाळची किंवा दुपारी चारनंतरची. भर दुपारी ऊन माथ्यावरून येतं, बॉयलरच्या वरच्या पाठीवर चकाकी आणि चाकांवर नुसता अंधार. तिरक्या उन्हात प्रत्येक रिवेट आपली सावली टाकतो आणि आकार आपोआप उलगडतो.

तिसरी पायरी: अक्ष

२एच पेन्सिलीने, हात हलका ठेवून, आधी फक्त अक्ष मारा. बॉयलर म्हणजे एक लांब दंडगोल, त्याचा मध्यअक्ष. सिलिंडरचा अक्ष, तो पुढे वाढवा आणि बघा, क्रॉसहेड त्याच रेघेवर सरकतो. अनेक इंजिनांत ही रेघ थेट चाकाच्या मध्यातून जाते, काहींत सिलिंडर किंचित कललेला असतो. प्रत्येक चाकाचा आस. इमारतीच्या प्लॅनवर आपण आधी ग्रिड टाकतो, तसंच हे. कागदावर सात-आठ रेघांशिवाय काही नसताना अर्धा तास गेला, तरी तो वेळ कारणी लागला समजा.

चौथी पायरी: चाकं

बहुतेकांची चित्रं इथे बिघडतात, म्हणून इथे थांबायला हवं.

तिरकं पाहिलेलं वर्तुळ लंबवर्तुळ दिसतं. त्याला दोन अक्ष, लांब आणि आखूड. नियम असा: आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेत पडतो आणि लांब अक्ष त्याला काटकोनात. चाक जमिनीवर उभं आहे म्हणून लांब अक्ष डोळे मिटून उभा काढायची खोड फार जणांना असते. आस क्षितिजाच्या खाली असेल आणि पर्स्पेक्टिव्हमध्ये तिरका जात असेल, तर लंबवर्तुळही किंचित कलतं. तो कल पकडला की चाक रुळावर बसतं; नाही पकडला तर गाडी घसरल्यासारखी दिसते.

दुसरी गोष्ट. एकाच बाजूची चाकं एकाच पातळीत असतात. जसजशी ती आपल्यापासून दूर जातात, तसतशी लहान तर होतातच, पण अरुंदही होतात. एकाच आसावरच्या दोन चाकांचं मात्र उलट: पलीकडचं चाक लहान दिसतं, पण थोडं जास्त गोल. पलीकडचं चाक दांड्यांच्या फटीतून जेमतेम दिसत असतं, तरी ते चुकलं की इंजिनाची रुंदीच हरवते.

तिसरी, आरे. लंबवर्तुळाच्या लांब अक्षालाच व्यास धरून त्याच मध्यातून हलकं पूर्ण वर्तुळ काढा. त्याचे आऱ्यांच्या संख्येइतके समान भाग करा. बारा आरे असतील तर तीस-तीस अंशांचे. प्रत्येक बिंदूपासून आखूड अक्षाला समांतर रेघ लंबवर्तुळावर आणा. ती जिथे धावेला, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडीला, भेटेल, तिथे आऱ्याचं टोक. आरे मोजायचे मात्र प्रत्यक्ष, अंदाजाने नाही. ते मधल्या तुंब्याकडे जाड आणि धावेकडे निमुळते असतात. काही नॅरोगेज इंजिनांची चौकट चाकांच्या बाहेरून जाते. मग आरे बरेचसे झाकले जातात आणि क्रँक चौकटीबाहेर येऊन फिरतात. तसं असेल तर आधी चौकट आणि क्रँक, चाकं मागाहून.

जिनिंगमधल्या पुल्या काढत असाल, तर एक बारकावा. सपाट पट्ट्याच्या पुलीची धाव मध्यभागी थोडी फुगीर असते. त्यामुळे पट्टा आपोआप मधोमध राहतो, निसटत नाही. बाजूने पाहिल्यावर ही फुगीर रेघ दिसते. आणि पुलीचे आरे कधी सरळ न येता इंग्रजी एससारखे वळलेले असतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर थंड होताना आकसतं. वाकडा आरा तो ताण सोसतो, सरळ आरा तडकू शकतो.

पाचवी पायरी: यंत्राची चौकट इमारतीसारखी वाचा

सुरुवातीच्या काळातली वाफेची इंजिनं तर अर्धी इमारतच होती. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या मोठ्या इंजिनांची तुळई ज्या आसावर डुलायची, तो आस इंजिनघराच्या जाड भिंतीवरच टेकलेला असे. भिंत पाडली तर यंत्रच उरत नाही. पुढे यंत्र भिंतीपासून सुटं झालं, तेव्हा त्याला स्वतःचे खांब लागले, आणि कारागिरांनी ते ओतीव लोखंडात थेट ग्रीक मंदिरांतल्या डोरिक खांबांसारखे केले. बर्लिनचा वास्तुविशारद कार्ल फ्रीडरिश शिंकेल १८२६ मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्या त्याने आपल्या रोजनिशीत रेखाटल्या. राजवाडे आणि नाट्यगृहं बांधणाऱ्या माणसाला त्या सात-आठ मजली, अलंकार नसलेल्या भिंती आणि धुराडी काढाव्याशा वाटल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

अशा इंजिनाच्या तुळईकडे पाहा. ती मध्ये पोटाला फुगलेली आणि टोकांना निमुळती असते, कारण वाकवणारा जोर मधल्या टेकूवर सगळ्यात जास्त असतो. हे माहीत असलेला हात तो फुगवटा कमी करत नाही.

सहावी पायरी: धातू ओळखा, मग छटा

इथे २बी हातात घ्या. पण सगळं लोखंड एकाच छटेत रंगवू नका.

बिडाचा भाग ओळखायची खूण म्हणजे आतले कोपरे. ते कधीच टोकदार नसतात, गोलसर भरलेले असतात. टोकदार कोपऱ्यात ओतीव धातू थंड होताना तडकतो. बाजूच्या भिंती किंचित उतरत्या असतात, म्हणजे वाळूतून साचा सहज निघावा. म्हणून बिडाची छटा हळूहळू बदलते, तिथे कडक रेघ शोभत नाही. घडीव लोखंडाचे पत्रे मात्र एकमेकांवर चढवून रिवेटने शिवलेले; तिथे वरच्या पत्र्याची कड बारीक सावली टाकते. ती सावली एचबीच्या एकाच रेघेत, टोक केलेल्या पेन्सिलीने. घासून चकचकीत झालेले दांडे आणि सरकपट्ट्या हा तिसरा प्रकार. त्यात आकाश आणि जमीन दोन्ही दिसतात, म्हणून गडद आणि कोरा कागद असे पट्टे शेजारी शेजारी येतात, मधल्या छटा जवळजवळ नसतातच.

काळ्या रंगाच्या बॉयलरला ६बीने काळं करून टाकू नका. उन्हात काळा बॉयलरही वरच्या बाजूला करड्याहून उजळ असतो. सगळ्यात गडद पट्टा कडेला नसून कडेपासून थोडा आत असतो, आणि खालच्या कडेवर खडीवरून परतलेला मंद उजेड पडतो. तो उजेड सोडला की बॉयलर गोल होतो. हॅचिंगच्या, म्हणजे छटा भरणाऱ्या शेजारी शेजारी समांतर, रेघा बॉयलरला वेढा घालणाऱ्या दिशेत मारा, लांबीच्या दिशेत नाही. ६बी फक्त चाकांमागच्या पोकळीसाठी राखून ठेवा. तिथे खरंच काही दिसत नाही. गंजलेला भाग मऊ, चकाकी नसलेला; त्यावर पुटी रबर हलकं टेकवून छटा तोडावी, बोटाने चोळू नये. चोळलेलं ग्रॅफाइट चमकतं आणि गंज तेलकट दिसतो.

सातवी पायरी: रिवेट आणि नट

सगळे रिवेट काढू नका. ओळीची रेघ आधी, मग पहिला, मधला, शेवटचा रिवेट. अंतर दूर जाताना कमी होतं. उजेडातले स्पष्ट, सावलीतले नुसते ठिपके, चकाकीतले सोडून द्यायचे. प्रत्येक रिवेट म्हणजे पूर्ण वर्तुळ न काढता खालच्या बाजूची एक कोर.

नट मात्र नीट बघा. जुन्या यंत्रांवर चौकोनी नट भेटतात, नंतरच्या दुरुस्तीतले षट्कोनी. जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण १८४१ मध्ये मांडलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाच झाकणावर दोन तऱ्हेचे नट दिसले, तर दोन्ही तसेच काढा आणि बाणाने खूण करा. कुणीतरी कधीतरी ते झाकण उघडलं होतं, याचा तो पुरावा आहे.

आठवी पायरी: समासातल्या नोंदी आणि जतन

अभ्यासचित्राला समास हवाच. उजव्या बाजूला तीन बोटं जागा सोडा. तिथे तारीख, वेळ, उजेडाची दिशा, आपली बसायची जागा, चाकाचा टेपने मोजलेला व्यास, आऱ्यांची संख्या, निर्मात्याच्या पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा. पाटी झिजून अक्षरं जात असतील, तर जी दिसतात तेवढीच लिहा, बाकी जागा रिकामी. खाली एक मापपट्टी काढा; ७६२ मिलिमीटर किती सेंटिमीटरला बसले, त्यावरून ती तयार होते.

शक्य असेल तर त्याच कागदावर क्रॉसहेडचा वेगळा, मोठा तपशील घ्या. समोरून, कोनाशिवाय, फक्त रेघांमध्ये. मुख्य चित्रात झाकले गेलेले सांधे तिथे उघडे पडतात, आणि पुढे कुणाला त्यावरून मॉडेल करायचं असेल तर त्याला पर्स्पेक्टिव्हमधून मापं काढत बसावं लागत नाही.

घरी आल्यावर फिक्सेटिव्ह, म्हणजे ग्रॅफाइट कागदावर पक्कं धरणारं द्रावण, फवारा हातभर अंतरावरून, पातळ, दोन वेळा, मध्ये वाळू देऊन. खोलीत नाही, गच्चीवर किंवा अंगणात. पावसाळ्यात कागद दमट असताना फवारू नका, डाग पडतात. मग वरून बटर पेपर लावून कागद आडवा ठेवा, गुंडाळू नका. स्कॅन करून एक प्रत त्या संग्रहालयाला किंवा जिनच्या मालकाला नेऊन द्या. पुढच्या खेपेला गेलात की त्याच यंत्राची दुसरी बाजू घ्या. क्रँक तिथे काटकोनात फिरलेली असेल, आणि पहिल्या चित्रात काय चुकलं ते लगेच कळेल.